नात्याचा रकाना

तपासणी नाक्यावर त्याला सगळे फूटपट्टी म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतःच्या वागण्याने कमावलं होतं. सीमाशुल्क खात्यात बावीस वर्षं काढलेली. किडकं बियाणं, बनावट औषधं, चोरीचा माल सरहद्दीवर अडवायचा आणि सरळ माणसाला खोळंबा न करता सोडायचं, एवढंच आपलं काम, असं तो म्हणे. एकदा त्याने साहेबांच्या सासूबाईंची पिशवीसुद्धा तळापर्यंत उपसली होती. साहेब आठवडाभर गाल फुगवून होते, हा पठ्ठ्या मजेत.

त्या दिवशी सकाळी रांगेत चौथी त्याची बहीण उभी होती. नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा रजा मिळेना म्हणून हा दोन दिवस उशिरा पोचला, आणि तिने सगळ्यांदेखत सुनावलं, "तुला तुझा नाकाच प्यारा. तू माझा कुणी नाहीस." यानेही तोंडाला आलं ते बोलून टाकलं, "बरं, नाही तर नाही."

नियम असा, की नातेवाईक समोर आला तर वहीत नातं लिहायचं, त्यावर प्रवाशाची सही घ्यायची आणि तपासणी दुसऱ्याकडे सोपवायची. गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण लपवाछपवी त्याला जन्मात जमली नव्हती. आणि लिहिलं, नि तिने सही नाकारली, तर? भांडली तरी ती बहीणच होती; आता कागदोपत्री परकी झाली असती. तो चांगलाच घाबरला.

तरी त्याने 'सख्खी बहीण' लिहिलं, वही शेजारच्या सहकारी बाईंकडे सरकवली आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

बाईंनी पिशवी पाहिली. बाळाचे लोकरीचे कपडे, गुडघ्यांना चोळायचं तेल, चष्म्याचं घर. "अडवण्यासारखं काही नाही. इथे सही करा. नातं मान्य आहे ना?"

तिने वही डोळ्यांजवळ धरून वाचली. मागचा ट्रक ड्रायव्हर मुद्दाम खाकरला.

"मान्य नाही," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

"अर्धवट लिहिलंय. थोरली बहीण लिहा. नाहीतर हा इथेही मोठेपणा मिरवेल."

"दुरुस्ती ज्याने लिहिलं त्यानेच करायची असते," बाई हसू दाबत म्हणाल्या आणि त्याला हाक मारली.

त्याने येऊन मध्ये 'थोरली' घातलं. तिने खाली सही केली, मग वर बघितलं.

"किती वाळलास रे," ती म्हणाली, आणि त्याला भर ड्युटीवर रडू फुटलं.