नदीकाठचा फ्लॅट आणि कूलरची खिडकी

नागपूरच्या वेशीवरच्या, ट्रकांच्या वर्दळीतल्या वाडीत भाड्यानं राहताना आमच्या घरी तीनदा धूळ पुसली जायची: सकाळी, संध्याकाळी आणि एखादा ट्रक मागं घेतला की. म्हणून बायकोची एकच मागणी होती, ट्रकशिवायचं स्वतःचं घर. ते शोधायचं काम माझ्याकडं आलं. तिथंच घोळ झाला.

जानेवारीत नाग नदीकाठी एक फ्लॅट बघायला गेलो. कोवळं ऊन, खिडक्या सताड उघड्या, खाली नदी. ज्या पाण्याला मी जन्मभर नाला म्हटलं, नाक दाबून ज्याचा पूल ओलांडला, त्याच्याकडं सहाव्या मजल्यावरून बघून मी चक्क हळवा झालो. फ्लॅट दाखवणाऱ्या माणसानं काहीही विचारलेलं नसताना त्याला सांगत सुटलो, की या नदीवरून शहराचं नाव पडलं, भोसल्यांनी शहर वसवलं, मग गोंड राजे आले. तो मोबाइलवर टिपून घेत होता. बोलता बोलता मी फ्लॅट स्वतःलाच विकला.

"बुक करून टाकू," मी म्हणालो.

"कूलर कुठं लागंन?" बायकोनं विचारलं.

"नदीची हवा आहे वं. कूलर काहून पायजे?"

"तुम्ही नागपुरातच राह्यता ना? मे महिन्यात येऊ. मग ठरवू."

मेमध्ये गेलो तर खिडक्या बंद, एसी सुरू. तोच माणूस दुसऱ्या जोडप्याला सांगत होता, "भोसल्यांनी शहर वसवलं, मग गोंड राजे आले." माझाच थाट, माझीच चूक. आता सांगावं की गप्प राहावं, काही कळेना. शेवटी राहवलं नाही.

"उलटं आहे ते. आधी गोंड राजे, मग भोसले."

"काका, तुम्हीच तर सांगितलं होतं."

ते जोडपं माझ्याकडं असं बघू लागलं, जणू मी बिल्डरचाच माणूस. मी हसलो, त्यानं संशय आणखी वाढला.

तेवढ्यात बायकोनं खिडकी उघडली आणि नदी आत आली. वासासकट. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथं तर झाडून सगळ्या खिडक्या नदीकडं. जानेवारीत मी अख्खा इतिहास सांगितला होता, तोही उलटा, आणि एवढं विसरलो होतो.

"मागच्या बाजूले आहे का एखादा?" बायकोनं विचारलं.

"आहे काकू, पण तिथून पार्किंग दिसते."

"पार्किंगमंधी ट्रक येतात का?"

"नाही."

"मग दाखवा."

तोच घेतला. जाहिरातीत मात्र आमची इमारत अजून नदीकाठचीच आहे, त्यामुळं मी नेमका कुठं राहतो हे मला नीट सांगता येत नाही. परवा उमरेडहून पाहुणे आले. "नदी कुठं आहे गा?" त्यांनी विचारलं. मी उठून आधी बेडरूमची खिडकी उघडली, मग स्वयंपाकघराची. दोन्हीकडं स्कूटर. उत्तर दिशा कुठं तेही विसरलो.

बायको कूलरमध्ये पाणी भरून राहिली होती. तिनं बादली माझ्या हातात दिली.

"नदी इकडं आहे," ती म्हणाली. "भरा."