बंकट मिस्त्रीची दुआणी

मांजरसुंब्याच्या फाट्यावर बंकट सुताराने वाकस खाली ठेवून पान्हा उचलला, त्याला निजामी राज्यातल्या फसली १३४४ साली दोन वर्षं झाली. बापजाद्यांनी जन्मभर गाड्यांची चाकं आणि घरांच्या चौकटी केल्या, पण बंकटाला त्यात राम वाटेना. सडकेवर मोटारी धावू लागल्या होत्या. एका अडलेल्या लॉरीखाली त्याने अर्धा तास जॅक धरून ठेवला, आणि तेवढ्या शिदोरीवर तो मिस्त्री झाला. दारावर पाटी लागली, मराठीत आणि उर्दूतही. दोन्ही त्याला वाचता येत नव्हत्या, पण पाटी रोज पुसायला मात्र तो विसरत नसे.

त्याच्या मिस्त्रीपणाचा एकमेव आधार म्हणजे सुंदररावांची, उतारू नेणारी सर्व्हिस मोटार. सुंदरराव तीन गावांचे वतनदार. मोटारीतलं त्यांना हॉर्नापलीकडे काही कळत नव्हतं, पण कळत नाही हे कबूल करणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. शिवरात्र सहा दिवसांवर आली असताना घाटात मोटारीच्या गिअरबॉक्सचे दात पडले. परळीच्या जत्रेची माणसं आधीच ठरलेली. सुंदररावांनी जालन्याहून तसलाच एक जुना गिअरबॉक्स आणवला आणि बंकटाला बजावलं, "जत्रंला मोटार निघाली न्हाई, तर मिस्त्रीची पाटी काढून चुलीत घालीन."

बंकटाने तीन दिवस घाम गाळला. खरं सांगायचं तर काम त्याने मन लावून केलं. इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या मधोमध एक भोक असतं, त्यात गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक जाऊन बसतं. ते भोक पाहिलं आणि बंकटाच्या हाताला आपली जुनी विद्या आठवली. चौकट उभी करताना उंबऱ्याखाली हळद लावून नाणं ठेवायचं, हे त्याच्या बापाने त्याला चालायच्या आधी शिकवलं होतं. त्याने कनवटीची चांदीची दुआणी काढली, हळद लावली, भोकात सारली. अगदी मापात बसली. मग गिअरबॉक्स लावला. तो सूतभर अलीकडेच अडला, तेव्हा बंकटाने पान्ह्याला पहार लावून बोल्ट आवळले. घट्ट बसला याचं त्याला समाधानच वाटलं.

मोटार चालू केली. ड्रायव्हर सुग्रीवने क्लच दाबला आणि गिअर टाकला, तशी आतून दात खाल्ल्यासारखी करकर झाली. गिअर पडेना.

"तुझा पायच कच्चा हाय," बंकट म्हणाला.

सुग्रीवने दोन्ही पायांनी दाबला. करकर तीच. क्लच दाबला तरी इंजिन काही गिअरबॉक्सला सोडेना. बंकटाने क्लचची सळई लांब केली, मग आखूड केली, मग पुन्हा होती तेवढी केली. जालन्याच्या लोखंडाला आपल्याकडचं पाणी मानवत नाही, असंही सांगून पाहिलं. शेवटी त्याने युक्ती काढली, की इंजिन बंद असतानाच गिअर टाकायचा आणि मग बटण दाबायचं. सुग्रीवने क्लच तळाला दाबून धरला आणि बटण दाबलं. मोटार उडी मारून थेट सुंदररावांच्या कडब्याच्या गंजीत शिरली. बंकटाने तेवढ्यातही सांगितलं, की मोटारीत जोर भरपूर आलाय.

शिवरात्रीच्या आदल्या सकाळी सुंदररावांनी मोमिनाबादहून जाणत्या मोटारमिस्त्री युसूफला बोलावलं. युसूफने बंकटाकडे पाहून "सलाम, मिस्त्री" म्हटलं आणि मोटारीखाली शिरला. सुग्रीवला क्लच दाबायला, सोडायला लावलं. मग बाहेर येऊन हात पुसत विचारलं, "क्लच तर पुरा सुटतो. तरी दांडा इंजिनासंगं फिरतो. मिस्त्री, बसवताना बोल्टानं वढून घ्यावा लागला का?"

"लई," बंकट अभिमानाने म्हणाला. "पहार लावली."

युसूफने गिअरबॉक्स उतरवला, भोकात बोट घातलं, आणि आकडीने काहीतरी उपसून तळहातावर घेतलं. चिरडलेली, पिवळी दुआणी. दांड्याचं टोक तिच्यावर दाबून बसलं होतं, म्हणून क्लच सुटला तरी दांडा सुटत नव्हता. बंकटाचा चेहरा हळदीहून पिवळा पडला. युसूफने ते पाहिलं आणि मूठ मिटली.

"काय निघालं बे?" सुंदररावांनी विचारलं.

"कचरा, मालक. जुन्या मालात निघतो."

गप्प बसला असता तर बंकटाची पाटी वाचली असती. पण तीन दिवसांची बढाईची सवय.

"मी म्हणतच व्हतो, आत कचरा हाय," तो बोलून गेला.

"मग काढला कावून न्हाई?"

सुग्रीव बघत होता, फाट्यावरची माणसं बघत होती, आणि युसूफ मूठ मिटून उभा होता. त्या मुठीकडे बघून बंकटाला आयुष्यात प्रथमच स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याने आपल्यासाठी खोटं बोलावं आणि आपण त्यावर फुशारकी मारावी, हे त्यालाही गिळवेना.

"कचरा न्हाई, मालक," तो म्हणाला. "दुआणी व्हती. मीच ठिवली, चौकटीखाली ठिवतेत तशी."

सुंदररावांनी विचारलं, "हळद लावली व्हती?"

"व्हती."

"मग शकुनाचं नाणं तू काढलंस कसं?" ते युसूफवरच कडाडले. "ठिव परत."

युसूफ निघायला पान्हे गोळा करू लागला. आता बंकटाने नुसती मान डोलावली असती तर तो वतनदारांचा कायमचा मिस्त्री झाला असता, न चालणाऱ्या मोटारीचा का होईना.

"न्हाई मालक. तिथं नाणं चालत न्हाई. मला ठावं नव्हतं. चूक माझी हाय."

सुंदररावांचा चेहरा उतरला. खोट्या माणसाशी त्यांचं उत्तम जमे. ठाऊक नव्हतं म्हणणाऱ्याचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "ठावं नव्हतं म्हणणारा कसला बे मिस्त्री? गोठ्याचं दार निखळलंय आमच्या, उद्या येऊन बसव."

युसूफने गिअरबॉक्स पुन्हा लावला. या वेळी तो हाताने ढकलताच जागेवर गेला. सुग्रीवने क्लच दाबला, पहिला गिअर पडला, मग दुसरा, आणि मोटार धुरळा उडवत परळीकडे निघाली. बंकट आवाज ऐकत उभा राहिला. दुआणी सोडून बाकी सगळं त्याने अगदी बरोबर बसवलं होतं, युसूफने त्यातला एक खिळाही बदलला नव्हता. पण हे सांगायला फाट्यावर कुणी उरलं नव्हतं.