ओढ्यात सोडलेलं पाणी

मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका कंपनीत, सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर ऑपरेटर होतो. प्लँट दोन महिने बंद होता आणि साहेबांच्या सांगण्यावरून मीच व्हॉल्व्ह उघडून काळं पाणी ओढ्यात सोडायचो. तोच ओढा खाली आमच्या गावच्या विहिरीजवळून घोडनदीकडे जातो.

उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. शेजारच्या आबांची म्हैस त्या पाण्याला तोंड लावीना. माझ्या बायकोच्या हातांवर चट्टे उठले. तरी मी गप्प राहिलो.

मग तपासणीला अधिकारी आले. सारा गाव विहिरीवर जमला. कंपनीचे साहेब म्हणाले, "आमचं पाणी शुद्ध होऊनच बाहेर पडतं. हवं तर आमच्या ऑपरेटरला विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबा हळूच म्हणाले, "खरं काय ते सांग. आमी तुला काय बोलनार न्हाई."

बायको पदराखाली हात झाकून उभी होती.

"प्लँट बंद हाय," मी म्हणालो. "पानी मीच सोडतो."

साहेब गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मला गेटवरूनच परत पाठवलं. पुढं ओढ्यातला पाइप बंद झाला, पण विहिरीचा वास अजून गेलेला नाही. आबा खरंच मला कधी काही बोलले नाहीत. टँकरच्या रांगेत ते पुढे उभे असले, की मला त्यांच्या पाठीकडे बघवत नाही.