हेल्गाबाईंचा एकुलता एक विद्यार्थी

नित्या, तू पोरीला ऑनलाइन फ्रेंच लावतोयस? वन-टू-वन? आणि पैसे वसूल होतात का, हे मला विचारतोयस? अरे, अख्ख्या खराडीत तुला विचारायला मीच सापडलो का! थांब, आधी चहा सांग. आणि तुम्ही सगळेच खुर्च्या पुढे घ्या. त्या वन-टू-वनपायी माझी जी शोभा झाली ना, ती एका चहात आटोपणारी नाही.

झालं काय, आमच्याकडे जर्मनीचं एक काम आलं. तिकडची गिअर बनवणारी कंपनी. त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही इथे बसून सांभाळायचं आणि आमच्यातल्या एकाने दोन वर्षं तिकडे जाऊन राहायचं. मला जायचंच होतं हो! बारा वर्षं नोकरी झाली, आणि माझा परदेश प्रवास म्हणाल तर विमानतळाच्या दारापर्यंत. तेही दुसऱ्यांना सोडायला. विश्रांतवाडीला राहतो ना, विमानतळ जवळ, मग सगळे मलाच सांगतात.

आमचे मॅनेजर पटवर्धन सर म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण तिकडे जर्मन बोलावं लागेल. तुम्ही मराठी मीटिंगमध्येसुद्धा 'हो सर'च्या पुढे जात नाही. त्या कंपनीचे क्राउझसाहेब सहा महिन्यांनी स्वतः येतायत माणूस निवडायला. बघा, जमतंय का."

मी म्हटलं, "हो सर."

घरी येऊन जाहीर केलं, वन-टू-वन ऑनलाइन जर्मन लावतोय. बाई थेट जर्मनीच्या. सुजाता, माझी बायको, म्हणाली, "लक्ष्मी रोडला क्लास आहे की. आमच्या ऑफिसातली कुलकर्णी जाते."

"तिथे पंचवीस पोरं असतात गं. बाईंचं लक्ष जाणार कुठे?"

"आणि इथे सगळं लक्ष तुझ्याकडे? मग तर पहिल्याच दिवशी पकडला जाशील."

आता आमची आई. आई टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली. तीस वर्षं कानाला हेडफोन. ट्रंक कॉल जोडता जोडता तमिळ शिकली, कन्नड शिकली, गुजरातीत भांडायलाही शिकली. तिने फी विचारली. मी सांगितली. ती स्टुलावर बसली.

"एवढ्या पैशांत तू एकटाच शिकणार?"

"वन-टू-वन आहे ना आई."

"त्यांच्याकडे असेल. आपल्याकडे नळाला पाणी आलं, तर एकच हंडा भरून नळ बंद करतो का आपण?"

बोला! याला काय उत्तर आहे? पुण्यात जन्मलेल्या माणसाकडे तरी नाही.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. पलीकडे हेल्गाबाई. पिकलेले केस, चष्मा, स्वभाव एकदम प्रेमळ. अलीकडे मी, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने, आई. मांडीवर वही. "बाई शिकवतात का नुसत्या बघत बसतात, तेवढं बघते," म्हणाली. तिला ऐकू यावं म्हणून मी हेडफोन काढून ठेवले. दुसऱ्या शनिवारी सुजाता मटार सोलायला तिथेच बसली. तिसऱ्या शनिवारी शेजारचे गायकवाड काका आमची शिडी परत द्यायला आले, "जयभीम वहिनी, काय चाललंय?" म्हणाले, आणि शिडीसकट बसले. चौथ्या शनिवारी ते स्वतःची खुर्ची घेऊन आले.

म्हणजे दृश्य कसं, बघा. हेल्गाबाईंच्या पडद्यावर एकटा मी. आणि माझ्यासमोर भरलेला वर्ग!

बरं, नुसते बसले असते तरी चाललं असतं. हेल्गाबाईंनी विचारलं, सकाळी उठून काय करता? माझी पाटी कोरी. तेवढ्यात लॅपटॉपमागून आईची कुजबुज आली. मी पोपटासारखी म्हणून टाकली. हेल्गाबाई खूश! इतक्या खूश, की मलाही वाटलं, अरे, येतंय की आपल्याला.

इथे माझी माती झाली. एकदा आयतं मिळायला लागलं की डोकं कोण चालवतो? आईने तर आमचं एक्स्चेंजच करून टाकलं. उत्तर ती सांगणार, व्याकरण चुकलं तर सुजाता मटाराच्या शेंगेने खूण करणार. काकांनी मध्येच तोंड उघडलं की आई बोट दाखवून म्हणायची, "गायकवाड, लाइन क्रॉस होतेय!" मी फक्त तोंड हलवायचो. हेल्गाबाई मला एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात ढकलत होत्या आणि मी अजून पहिल्याच पानावर. त्या पानावरचं एकच वाक्य मला पाठ होतं. तुमची आई कशी आहे? उत्तम, धन्यवाद, आणि तुमची?

दोन महिन्यांनी बाईंनी एकदम इंग्रजीत विचारलं, "मिलिंद, तुम्ही उत्तर देताना सारखं वर काय बघता?"

मी म्हटलं, "समोर भिंतीवर आईचा फोटो आहे. तिच्याकडे बघितलं की आठवतं."

बाईंनी छातीवर हात ठेवला. "ओह! आई आता नाहीत?"

मी मान खाली घातली. लाजेने घातली हो! पण बाईंना ते दुःख वाटलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आपण एक मिनिट शांत राहू. मी उभा राहिलो. सुजाता उभी राहिली. काका उभे राहिले. आणि आईसुद्धा, हात जोडून, डोळे मिटून, स्वतःसाठी एक मिनिट उभी राहिली!

नंतर म्हणते, "बाई उभ्या असताना आपण बसून कसं राहायचं?"

मी म्हटलं, "आई, मी त्यांना खरं सांगून टाकतो."

"आता गप्प बस. मारलंस ते मारलंस. सहा महिन्यांची फी भरलीये, तेवढी संपू दे."

पुढच्याच महिन्यात सुजाताने मिरचीची फोडणी दिली आणि ऐन क्लासमध्ये आई शिंकली. साधीसुधी शिंक नव्हे, ट्रंक कॉलच्या आवाजातली शिंक! हेल्गाबाई दचकल्या. कोण आहे तिथे? आता सांगणार कोण? सांगणारीच शिंकत होती. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "नाखबार! नाखबार!" म्हणजे शेजारी. कुठून आठवला देव जाणे. बाईंनी टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, आज पहिल्यांदाच तू वर न बघता बोललास! सहा महिन्यांत माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेला जर्मन शब्द तो एवढाच.

शेवटी बाईंनी शिफारसपत्र दिलं. जर्मनमध्ये, दोन पानी. आता घरी दाखवायला काय झालं होतं? घरात तिघं वाचणारे होते, काका धरून! पण मला त्या दिवशी स्वाभिमान सुचला. म्हटलं, ही एक गोष्ट तरी कोणाला न विचारता करू. दिलं परस्पर पटवर्धन सरांना पाठवून, सरांनी दिलं जर्मनीला.

चार दिवसांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. क्राउझसाहेबांचं उत्तर समोर. "तुमच्या बाई लिहितात, दिवंगत आईच्या आठवणीत इतक्या निष्ठेने शिकणारा विद्यार्थी त्यांनी पाहिला नाही. क्राउझसाहेब हेलावलेत. पुण्यात आले की तुमच्या घरी येऊन आईंच्या फोटोला फुलं वाहणार म्हणतायत." सरांनी चष्मा काढला. "मातोश्री वारल्याचं कळवलं नाहीत आम्हाला."

"अचानक झालं सर."

"मागच्या आठवड्यात त्यांच्या हातच्या चकल्या खाल्ल्या मी."

"त्या आधीच्या होत्या सर."

"कुरकुरीत होत्या," सर म्हणाले. "बऱ्याच टिकल्या."

घरी येऊन सांगितलं तर सुजाताने कपाळावर हात मारला. मी आईला म्हटलं, तू काकांकडे जाऊन बस. आई म्हणाली, "आणि उत्तरं कोण देणार, फोटो?" शेवटी ठरलं, आईने स्वयंपाकघराच्या पडद्यामागे बसायचं. पडद्याच्या पुढे टेबल, टेबलावर फोटो. फोटोला हार.

फोटो निवडताना तिने अर्धा दिवस खाल्ला. मी एक काढला तर म्हणते, "हा नको. यात मी मेल्यासारखी दिसते." मग एक्स्चेंजमधला निघाला. तरुण आई, कानाला हेडफोन, समोर बोर्ड, तारा. "हा लाव. हार छोटा घे, हेडफोन झाकला जायला नको."

रविवारी सकाळी क्राउझसाहेब आले. सहा फूट उंच, हातात पांढरी फुलं, डोळे आधीच ओले. बरोबर पटवर्धन सर. साहेबांनी फोटोपुढे फुलं ठेवली आणि मला काहीतरी विचारलं. पडद्यामागून कुजबुज आली, मी म्हणून टाकली. साहेबांनी मान हलवली. पण फोटोकडे जरा चमकून बघितलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा कुजबुज, पुन्हा माझं उत्तर. साहेब आता माझ्याकडे बघेचनात. फोटोकडेच टक लावून! आवाज येतोय तो फोटोतून, आणि हा माणूस त्यावर नुसता ओठ हलवतोय, असं वाटलं असणार बिचाऱ्यांना.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच एक प्रश्न विचारला. आणि बरोबर त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली! आई काय बोलली, काही ऐकू आलं नाही. मला प्रश्नातला एकच शब्द कळला, आई. म्हटलं, हे तर येतं आपल्याला! छाती पुढे काढली, हसलो, आणि ठणठणीत आवाजात म्हणालो, "उत्तम! धन्यवाद. आणि तुमची?"

सुजाताच्या हातातला ट्रे कलला. साहेबांनी विचारलं होतं, "तुमच्या आई कशाने गेल्या?"

साहेबांचा चेहरा पडला. आणि पडदा सर्रकन बाजूला झाला. हातात पळी घेऊन आई बाहेर! तिला सगळं चालतं, घरी आलेल्या माणसाशी उर्मटपणा चालत नाही. फोटोच्या शेजारी उभी राहून तिने साहेबांची माफी मागितली. जर्मनमध्ये. एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे बघत साहेब मटकन खाली बसले.

आणि मग जे काय सुरू झालं! आई बोलतेय, साहेब विचारतायत, आई पळीने माझ्याकडे दाखवतेय, साहेब मांडीवर थापा मारून हसतायत. माझ्या दोन वर्षांचा फैसला माझ्या डोळ्यांसमोर चाललाय आणि मला एक अक्षर कळत नाहीये! सुजाताला म्हटलं, "अगं, काय बोलतायत?"

"थांब ना, रंगात आलंय."

"सांग गं!"

"आई म्हणतायत, शाळेतपण तू पाढे असेच म्हणायचास. पुढच्या पोराच्या तोंडाकडे बघून."

साहेबांनी फोटो हातात घेतला. त्यांची आईसुद्धा तिकडे टेलिफोन एक्स्चेंजमध्येच होती म्हणे. आता नव्वदीला टेकलेली, एकटी असते, गप्पा मारायला कोणी नाही. त्यांनी तिथल्या तिथे तिला फोन लावला आणि आमच्या आईच्या हातात दिला. दोन ऑपरेटर एकमेकींना सापडल्या हो! पटवर्धन सर शांतपणे चकली खात होते. उठताना मला म्हणाले, "मातोश्रींची तब्येत सुधारली, बरं वाटलं. तुम्ही खराडीच्या ऑफिसातच राहा."

जर्मनीला कोण गेलं? सुजाताच्या ऑफिसातली ती कुलकर्णी! आमच्या सरांनी तिला तिकडून उचलली. पंचवीस पोरांच्या क्लासमधली.

खरं सांगतो, वाईट वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. आईला कळलं ते. म्हणाली, "चुकलं माझं. मी बोलले नसते तर तू शिकला असतास." शाळेपासून तीच सांगत आली, मीच ऐकत आलो.

आणि ऐका, हेल्गाबाईंनाही तिने फोन करून सांगितलं, मी जिवंत आहे. बाई आधी रागावल्या, मग रडल्या, मग दोघींची दर शनिवारी गप्पांची वेळ ठरली. उन्हाळ्यात क्राउझसाहेबांच्या आईने बोलावणं धाडलं. आई गेली, सोबत सुजाता गेली. विमानतळावर सोडायला कोण? मी. घर जवळ ना.

तेव्हा नित्या, पैसे वसूल होतात. आमचे तर दणकून झाले. सगळ्यांचे हंडे भरले. नळ फक्त माझ्या नावावर होता. काका आता सोसायटीतल्या पोरांना जर्मन शिकवतात. मी म्हटलं, मलाही शिकवा. तर म्हणाले, "चल, पण वन-टू-वन नको रे बाबा. तुझ्याबरोबर आणखी चार जण लागतील."

गेल्या रविवारी आईने तिकडून व्हिडिओ कॉल केला. शेजारी क्राउझसाहेबांच्या मातोश्री, लोकरीची शाल, हातात कॉफी. मी इकडे बनियनवर, खरकटी भांडी घासत. म्हातारीने पडद्यात डोकावून माझ्याकडे बोट केलं आणि आईला काहीतरी विचारलं. हा कोण, असंच असणार.

आईने एकदा माझ्याकडे बघितलं. आणि एकच शब्द बोलली. आयुष्यात पहिल्यांदा मला जर्मन कोणी न सांगता कळलं.

"नाखबार."