परब सरांचे कान

बोलता बोलता परब सर मध्येच तळहात वर करत आणि समोरच्याला गप्प करत. मग तो मुख्याध्यापक असो, नाहीतर सायकलवरून उंडे पाव विकणारा पोदेर. पेडण्याच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मलाही असं गप्प केलं. साप दिसला असं वाटून मी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. सर खिडकीबाहेरचा बेडूक ऐकत होते.

सर जीवशास्त्र शिकवत. 'प्रजाती' पुस्तकात, त्यांच्या तोंडी 'जात'. "आमच्यात कमी होत्या म्हणून सर बेडकांतही जाती काढतात," अशी त्यांची थट्टा चाले. त्यांचं म्हणणं मात्र साधं होतं. इब्रामपूरकडे जांभ्याचे दोन सडे, म्हणजे उघडे कातळमाळ, आहेत, मध्ये खोल दरी. दोन्ही सड्यांवर सुपारीएवढा एक बेडूक, दिसायला तंतोतंत सारखा. फार पूर्वी तो एकच असणार. दरीमुळे दोन घरं झाली, हजारो पिढ्यांत नरांची हाक बदलत गेली. आता दरीच्या उतारावर दोघं शेजारी बसून ओरडतात, पण अलीकडची मादी पलीकडच्या हाकेला ओ देत नाही. "वेगळें जावंक सदांच दरी लागता अशें ना गे बाय," सर म्हणत. "हाक वळखना जाली, पुरो."

हा फरक सरांशिवाय कोणालाच कळत नसे. "अलीकडचो एका दमान म्हणटा, पलीकडचो मदीं उस्वास घेता," ते सांगत. आम्ही माना डोलवून चहा पीत असू.

मग पलीकडच्या सड्यावर चिरेखाणीसाठी चुन्याच्या रेघा पडल्या आणि त्याच पावसाळ्यात सरांचे कान जायला लागले. मला उतारावर नेऊन त्यांनी ते सांगितलं. "म्हजे कान गेले की हे दोगूय एकच जातले." या माणसाला मी कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे मलाच धडकी भरली. "तुका आयकूंक येतात मगे? दोन?" डॉक्टरच्या तोंडाकडे रोग्याचे नातेवाईक बघतात तसे ते माझ्याकडे बघत होते. मला सगळा एकच कालवा ऐकू येत होता. मी म्हटलं, "होय सर. दोन."

पलीकडची जात वेगळी ठरली तरच खाण थांबणार होती. त्या माझ्या 'होय'च्या भरवशावर सरांनी विद्यापीठात पत्र धाडलं. तिथून एक संशोधक मुलगी येणार असं ठरलं. आपले कान गेल्याचं त्यांनी तिला कळवलं नाही. "कान गेल्ल्याचें कोण आयकतलो?" बेत असा: मी त्यांचा हात धरून उभं राहायचं, अलीकडचा ओरडला की एकदा दाबायचा, पलीकडचा ओरडला की दोनदा. खरं सांगायचे दोन-तीन मोके माझ्याकडे होते. प्रत्येक वेळी सरांचा चेहरा बघितला आणि तोंड उघडेना.

ती आली. दुपारचं आभाळ भरलेलं, उतारावर आम्ही तिघं. तिच्या कानांवर हेडफोन, हातात माइक. सरांचा हात माझ्या हातात.

"हो अलीकडचो," सर म्हणाले. "हो पलीकडचो. आनी एक पलीकडचो."

मुलीने हेडफोन काढले. "सर, आत्ता तर कोणीच ओरडलं नाही."

मी हात दाबलाच नव्हता. माझा हात थरथरत होता आणि सर ती थरथर वाचत होते. काहीतरी चुकलं एवढं त्यांना आमच्या चेहऱ्यांवरून कळलं. "किदें जालें?" ते मला विचारू लागले. आता सांगायचं तर हळू सांगायची सोय नव्हती. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, त्या परक्या मुलीसमोर मला ओरडावं लागलं, "मला फरक कळत नाही, सर! कधीच कळला नाही! मी खोटं बोलले!"

त्या ओरडण्याने अधूनमधून ओरडणारे बेडूकही चिडीचूप झाले. सरांनी माझा हात सोडला. मला वाटलं, संपलं. मुलगी निघून जाणार, रेघांवर मशीन चालणार, आणि ते माझ्यामुळे. सर तिच्याकडे वळून म्हणाले, "माका आयकूंक येना. हिका कळना. आतां तूंच आयक." आणि खाली कातळावर बसले.

बेडूक पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागला. ती डोळे मिटून ऐकत होती. मी तिच्या कपाळावरच्या आठ्या मोजत होते. शेवटी ती म्हणाली, "हाका नक्की दोन आहेत. जाती दोन की नाही, ते तपासावं लागेल. पण तपासण्यासारखं आहे. मी लिहून देते, तोवर इथे खणू नका म्हणून."

सर आमच्या ओठांकडे टकमक बघत होते. मी त्यांच्यासमोर दोन बोटं धरली. त्यांनी माझी बोटं पाहिली, आणि मग खात्री करून घ्यायला त्या मुलीकडे मान वळवली.