नाववाले मामा आणि वस्तीचं पातेलं

पारनेरच्या आसपास एखाद्या भांड्यावर नाव नसेल, तर ते एकतर कालच विकत घेतलेलं असायचं किंवा चोरीचं असायचं. तिसरी शक्यता आमच्या मामांनी शिल्लकच ठेवली नव्हती. मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. बाजाराच्या दिवशी भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि छिन्नी-हातोडीने टकटक करत तांब्या, ताटं, डबे, कळश्या अशा सगळ्यांवर नावं घालायचे. छिन्न्या घरीच बनवायचे. जुन्या कानशीचं पोलाद लालभडक तापवायचं आणि करडईच्या तेलात बुडवायचं, त्या वासाने मामी घर सोडून शेजारी जाऊन बसायची. धार आली की नाही हे ते डाव्या अंगठ्याच्या नखावर बघत. छिन्नी नखावरून घसरली तर बोथट, जागच्या जागी रुतली तर पास. हा नियम त्यांनी मामीच्या विळीला, न्हाव्याच्या वस्तऱ्याला आणि एकदा डॉक्टरांच्या सुईलाही लावला होता. ते नख म्हणजे नुसत्या रेघाच रेघा झालं होतं.

हातावर त्यांचा भारी विश्वास होता. एकदा नगरला जाताना एसटीत त्यांनी कंडक्टरचा तिकिटं टोचायचा पंच मागून घेतला आणि नगर येईपर्यंत त्यावर कंडक्टरचं आडनाव घालून दिलं. रस्ता असा की शेजारच्या बाईच्या पिशवीतले कांदे ड्रायव्हरपर्यंत गेले होते. कंडक्टरने अक्षरं निरखली. "मामा, रेघ वाकडी न्हाई झाली!" तर मामा म्हणाले, "गाडी हलती. हात न्हाई हलत." हे वाक्य पुढे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की मामी ते त्यांच्याआधीच म्हणून टाकायची.

दुसऱ्याच्या घरी गेलं की पाणी पिण्याआधी तांब्या फिरवून त्यावरचं नाव मोठ्याने वाचायची त्यांना खोड होती. या खोडीपायी माझ्या मावसबहिणीचं लग्न मोडायचीच वेळ आली होती. मिरजगावला मुलाचं घर बघायला आम्ही गेलो होतो. पोहे आले. मामांनी पोहे संपवून ताट उलटं केलं, मग माझं केलं, मग माझ्या वडिलांचं. "पाव्हनं," ते म्हणाले, "ताटं तर पाच घरची दिसत्यात." मुलाच्या बापाचा चेहरा पडला. आई मामांना डोळ्यांनीच खाऊ का गिळू करत होती. मामा मात्र ताट नीट खाली ठेवत म्हणाले, "बरं झालं कळलं. ज्याला पाच घरं बिनबोभाट ताटं देत्यात, त्याच्या घरात पोरगी द्यायला काय हरकत हाय?" लग्न तिथेच ठरलं, आणि आहेराच्या प्रत्येक भांड्यावर नावं अर्थातच मामांनी घातली.

त्यांचा एक हट्ट मात्र कुणाला पटत नसे. भांडं जागचं हलवायचं नाही. मोठा हंडा असला तर तो पालथा घालायचा आणि आपण उकिडवं बसून त्याच्याभोवती सरकत जायचं. "नावाभोवती मानसानं फिरायचं, नाव मानसाभोवती फिरत नसतं," असं ते म्हणत. आम्ही हसायचो. पण मामांच्या आजीला बाजारात पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतून. भांड्याला हात लावू देत नसत. मामांनी पहिल्या कमाईतून तांब्या घेतला आणि त्यावर आजीचं नाव घातलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही छिन्नीला धार लावता लावता, मान वर न करता. त्यानंतर मला त्यांच्या फिरण्याचं हसू आलं नाही.

वस्तीतल्या आमच्या मंडळाने तांब्याचं मोठं पातेलं घ्यायचं ठरवलं, तेव्हा लग्नकार्याला कुणापुढे भांड्यासाठी हात पसरायची वेळ आता संपणार म्हणून सगळे खुशीत होते. त्यावर मंडळाचं नाव मामाच घालणार हे कितीतरी वर्षांपासून ठरलेलं. पण पातेलं आलं तोवर मामांचा उजवा हात कापायला लागला होता. चहाची बशी तोंडाशी नेईपर्यंत निम्मी व्हायची. मंडळाचा अध्यक्ष चांगला मुलगा होता, चाचरतच म्हणाला, "मामा, आमी नगरला मशीनवर टाकून आनतो. तुमाला उगं तरास." तो गेल्यावर मामा मला म्हणाले, "आता गाडी उभी हाय, अन् हात चाललाय." मला फार वाईट वाटलं.

मी तेव्हा नगरला कॉम्प्युटर शिकायला जात होतो, आणि तिथे नवीनच सायबर कॅफे निघाला होता. धातूवर हाताने कोरणाऱ्या जगभरच्या लोकांचा एक ईमेलचा गट मला तिथे सापडला. मामांना घेऊन गेलो. त्यांनी आधी स्क्रीनला जयभीम घातला आणि मग विचारायला सांगितलं, "तिकडं हंड्यावर नावं घालत्यात का?" पुढच्या खेपेला उत्तर आलेलं होतं. कुठल्याशा थंड देशातल्या एका म्हाताऱ्याने कळवलं होतं की तो अंगठ्यांवर आणि बंदुकींवर नक्षी कोरतो. "बंदुकीवर?" मामा म्हणाले. "गोळी सुटल्यावर नक्षी बघायला कोन थांबतंय?" मग मी हाताचं विचारलं. म्हाताऱ्याने लिहिलं की मनगट टेकवून एका जागी ठेवा, भांडं वाळूच्या पिशवीवर ठेवा आणि हात फिरवण्याऐवजी भांडं फिरवा.

"न्हाई जमायचं," मामा म्हणाले, आणि परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत बसले.

बुद्धपौर्णिमेच्या जेवणात पातेलं पहिल्यांदा चुलीवर चढायचं होतं. मी अध्यक्षाला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिघांना आणि वाळूच्या पोत्याला घेऊन मामांच्या दारात हजर. "मामा, पातेलं आमी फिरवतो. तुमी नुसतं सांगा." मामांनी पोत्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. मग छिन्नी नखावर टेकवून बघितली आणि म्हणाले, "माझ्या शबुदाबिगर एक सूतबी हलवायचं न्हाई." पातेलं पोत्यावर आडवं झालं. मामा मनगट टेकवून बसले. कापरं भरलं की डावा अंगठा वर करायचे, चौघे श्वास धरून थांबायचे. अंगठा खाली आला की टकटक सुरू. उन्हं कलायच्या आत नाव पुरं झालं. फक्त 'मंडळ'मधल्या ळ वर हात दगा देऊन गेला. ते अक्षर सरकलं, आणि ते सावरायला मामांनी त्यावर दोनदा ठोके घातले. "मशीननं सरळ आलं आसतं," ते पुटपुटले. अध्यक्ष म्हणाला, "मशीनला ह्यो पोरांचा घाम कुटं ठावं?"

मामांनी मला त्या म्हाताऱ्याला कळवायला लावलं, की भांडं फिरवलं. आणि विचारायला लावलं, तुमचाही हात हलतो का? उत्तर एका ओळीचं आलं. हो, म्हणूनच तर सांगितलं. मामांनी त्याची प्रिंट काढायला लावली आणि तो कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला.

मामा आता नाहीत. पातेलं आहे, वस्तीतल्या प्रत्येक लग्नात असतं. राखेने, चिंचेने घासून घासून नाव पुसट झालंय. नव्या पोरांना ते वाचता येत नाही. मी गेलो की जेवायच्या आधी पातेल्यावरच्या नावावरून अंगठ्याचं नख फिरवतो. बाकीच्या अक्षरांवरून नख सरळ घसरतं. त्या वाकड्या ळ वर मात्र ते अजून अडतं.