पालखी गाडीपाशी थांबली

देवाच्या बाबतीत मी पहिल्यापासून कच्ची. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. एखादी गोष्ट ठीक चालली आहे असं कुणी म्हटलं, की ती कुठे बिघडेल हेच मी आधी शोधते. घरातली श्रद्धा सगळी आईची. बाबा गेले आणि दोनच महिन्यांनी कसबा पेठेत माझ्या मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. आई ओटी भरायला पुढे झाली, तर एका बाईंनी तिच्या हातातलं ताट हलकेच काढून घेतलं. "राहू द्या हो, तुम्ही बसा आता." वाघोलीच्या फ्लॅटवर परतल्यावर आईनं देव्हाऱ्याचं दार लावलं, ते वर्षभर उघडलं नाही. स्वयंपाकघरातही ती फिरकेना. मी डबा आणायची, ती चार घास खाऊन ताट बाजूला सारायची. माझी आई माझ्या डोळ्यांदेखत विझत चालली होती आणि मला काही सुचत नव्हतं.

बाबांनी निवृत्तीनंतर एक जुनी मिनीबस घेऊन कात्रजच्या गॅरेजमध्ये तिच्यात दोन बाकडी, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी बसवून घेतली होती. तिच्यातून कोकणचा किनारा पालथा घालायचा त्यांचा बेत तसाच राहिला. मार्चमध्ये मी आठवड्याची रजा टाकली आणि आईला म्हटलं, "गाडी गंजतेय, चल." ती पिशवी घेऊन गाडीत बसली.

मुक्कामाची खोली आधी ठरवली नाही, हा माझा पुणेरी शहाणपणा. आमच्याकडे होळीची राख थंड झाली की सण संपला, तेव्हा आता कोकण रिकामं असणार, असं मी गृहीत धरलं. तिकडे शिमगा खरा तेव्हाच रंगात येतो आणि घरोघरी मुंबईची माणसं उतरलेली असतात, हे गुहागरच्या पुढे तिसऱ्या नकाराला कळलं. बाकड्यांवर झोपता आलं असतं, पण आईच्या पाठीला ते झेपेल असं वाटत नव्हतं. तिसऱ्या घरच्या आजींनी खोली नाही म्हणून सांगितलं, वर आईच्या हातात एक नारळ ठेवला. दारातून रिकाम्या हातानं कुणी जाऊ नये म्हणाल्या, आणि गावाच्या टोकाला आंब्याखालची मोकळी जागा दाखवली.

ऊन उतरलं होतं. मला चहा हवा होता, पण बाबांची शेगडी माझ्याच्यानं पेटेना. आई थोडा वेळ बघत राहिली. मग "सरक" म्हणाली आणि वर्षभरात पहिल्यांदा तिनं काडी ओढली. आधण ठेवलं, तोच ढोल ऐकू आले. शिमग्यात घरोघर फिरणारी देवीची पालखी बांधावरून थेट आमच्याच दिशेनं येत होती. गाडी वाटेत लावली की काय, म्हणून मी चावी घेऊन धावले.

"काढते हं लगेच," मी म्हटलं.

पालखीपुढचे म्हातारे काका गाडीत डोकावले. "काढताव कशाला? चूल पेटलीय ना? मंग घर झाला. घर सोडून पालखी जात नाय. भरा ओटी."

आई मागे सरली. "माझे यजमान नाहीत," ती म्हणाली. हे तिला असं चारचौघांत सांगावं लागलं याचा मला संताप आला.

गर्दीतल्या एका बाईनं विचारलं, "चूल कोणी पेटवलीन?"

"मी."

"मंग तुमीच भरायची. चूल पेटवणारी भरते. बाकीचा देवी इचारीत नाय."

खण नव्हता. डब्यातले मूठभर तांदूळ आणि आजींनी दिलेला तो नारळ, एवढंच आईनं देवीला वाहिलं. बाबा गेले तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिथे ती ओक्साबोक्शी रडली, आणि तिच्या मागे उभी राहून मीही. पालखी पुढे गेली तेव्हा चहा उतू गेला होता. तिनं तो पुन्हा केला, पाठोपाठ पिठलं-भात केला, आणि स्वतः दोनदा वाढून घेतलं.

सकाळी आजी सांगत आल्या, की एक खोली रिकामी झाली आहे. आई पोळ्या लाटत होती. "कशाला?" ती म्हणाली. "आमचं घर आहे की इथे."

खोड जाईना म्हणून पुढच्या गावात मी चौकशी केली. चूल पेटवणारीनं ओटी भरायची, अशी रीत तिथे कुणाला ठाऊक नव्हती. मग ती त्या एका गावाची होती, की त्या बाईला आईचं तोंड बघून जागच्या जागी सुचली? एकेक गोष्ट सुटी केली तर प्रत्येकीचं कारण मला देता येतं. सगळ्या एका संध्याकाळी, त्याच क्रमानं का आल्या, ते देता येत नाही. पहिल्याच घरात खोली मिळाली असती, तर पालखी त्या घरी आली असती, ओटी त्या घरच्या बाईनं भरली असती आणि आई पुन्हा मागेच उभी राहिली असती. माझा बेत फसला, म्हणून हे घडलं. तेव्हापासून बेत फसला की मी थोडी थांबते, हातातलं स्टिअरिंग जरा सैल सोडते.

देव्हारा आता उघडा असतो. आई दिवा लावते तेव्हा मीही शेजारी उभी राहते. काय मागायचं ते मला अजून कळत नाही. ज्या तीन घरांनी आम्हाला जागा दिली नाही, त्यांच्यासाठी मी हात जोडते.